चाकाचा नट सुटला नाही, तिथूनच सुरुवात करू

पत्र

सर, मी नाशिकरोडला राहते आणि इगतपुरीजवळच्या एका शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी वापरलेली वॅगन आर घेतली, २०१५ची, पेट्रोलवरची. गेल्या महिन्यात घोटीच्या अलीकडे मागचं डावं टायर बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पण चारपैकी तीन नट जागचे हलेनात. मी चक्क पान्यावर उभी राहिले, तरी नाही. शेवटी एक ट्रकवाले दादा थांबले. त्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि एकेक नट सहज सोडवला.

त्या दिवसापासून ठरवलंय की गाडीची छोटी कामं स्वतः करायला शिकायचं. ऑनलाइन १०८ नगांचा एक सेट बघून ठेवलाय. पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. सासरे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "माझ्या पेटीत पाने पडलेत, नवीन कशाला?" पण त्यांच्या पान्यांवर इंचांचे आकडे आहेत. आम्ही सोसायटीत राहतो, पार्किंग झाकलेलं आहे. काय घेऊ, काय नको, आणि कुठल्या कामाला हात लावू नको, एवढं सांगाल का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा एक हिशोब मांडला, तो तुमच्यासमोरही मांडतो. गाडीबरोबर येणाऱ्या पान्याचा दांडा साधारण पाव मीटर, म्हणजे २५ सेंटिमीटरचा असतो. तुमचं वजन ५५ किलो धरू. त्या दांड्याच्या टोकावर तुम्ही पूर्ण वजनानिशी उभ्या राहिलात, तर नटावर साधारण १३५ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. तुमच्यासारख्या छोट्या गाडीच्या चाकाचे नट ८५ ते १००च्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. नट थोडे गंजलेले होते असं धरलं, तरी १३५ला जो नट जागचा हलत नाही तो कुणीतरी गरजेपेक्षा फार जास्त आवळलेला आहे. बहुतेक टायरच्या दुकानात हवेच्या गनने. कामाची घाई असते, गनचा घोडा दाबून धरला जातो, आणि त्याचा भोग तुमच्यासारख्या बाईला घोटीच्या रस्त्यावर भोगावा लागतो. त्या दिवशी तुमची ताकद कमी पडली असं मनात धरून बसू नका. दांडा आखूड होता.

त्या ट्रकवाल्या दादांनी पाइप चढवला म्हणजे दांडा लांब केला, एवढंच. दांडा दुप्पट लांब झाला की तेवढाच पीळ द्यायला निम्मा जोर पुरतो. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं, आणि पहिल्या आठवड्यात हेच करून दाखवायचो. वर्गातल्या सगळ्यात किरकोळ पोराच्या हातात लांब दांडा द्यायचा, सगळ्यात दणकटाच्या हातात आखूड. किरकोळ पोरगं नट सोडवायचं.

म्हणून तुमची पहिली खरेदी ही: ओढून लांब होणारा चाकाचा पाना. मिटलेला असताना डिकीत सहज मावतो, ओढला की अर्धा मीटर किंवा त्याहून लांब होतो. त्याच्याबरोबर दोन दुतोंडी गोट्या, म्हणजे नटावर चढणारी पोकळ टोकं (सॉकेट), येतात, १७-१९ आणि २१-२३ मिलिमीटरच्या. तुमच्या मारुतीला १९ची लागेल. उद्या भावाची ह्युंदाई घेऊन गेलात तर २१ची लागेल, तीही त्यात आहे. फुलीच्या आकाराचा चौतोंडी पानाही चांगला, दोन्ही हातांनी फिरवता येतो, पण त्याचे दांडे तेवढे लांब नसतात आणि डिकीत तो अडचण करतो.

एक पथ्य मात्र पाळा. लांब दांडा फक्त सोडवण्यासाठी. आवळताना तो मिटवून घ्या किंवा गाडीचाच आखूड पाना वापरा आणि हाताने आवळा, पाय देऊ नका. पाव मीटरच्या दांड्यावर ३५ ते ४० किलोचा जोर दिला की ८५ ते १०० होतात. म्हणजे दांड्याचं टोक दोन्ही हातांनी धरून नेटाने दाबलं की झालं. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर एकदा दोन्ही तळहातांनी दाबून बघा, ३५ किलो म्हणजे किती ते हाताला कळेल. हाताला एकदा कळलं की विसरत नाही.

आता या आठवड्यात, काहीही विकत आणण्याआधी, गाडी टायरच्या दुकानात न्या आणि चारही चाकांचे नट सैल करून हाताच्या पान्याने, तुमच्यासमोर, परत आवळून घ्या. गन नको म्हणून स्पष्ट सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. हे केलं नाही तर मी सांगितलेला लांब पानाही पुढच्या खेपेला घाम काढेल.

त्यानंतरच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक स्वतः काढून परत बसवा. पंक्चर नसताना, उजेडात, कुणी हॉर्न वाजवत नसताना. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच चारही नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर सैल करायला गेलात तर चाकच फिरतं आणि जॅक हलतो. जॅक लावायची जागा दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेला असते, चाकाच्या जवळ, दोन खाचा दिसतील त्यांच्यामध्ये. बसवताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवा. आधी बोटांनी फिरवा; बोटांनी दोन-तीन फेरे गेला की आटे बरोबर बसले असं समजा. मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासा. तेल लावलेला नट त्याच जोरात जास्त आवळला जातो. शंभरेक किलोमीटर झाले की पाना परत एकदा लावून बघा.

जॅकखाली फूटभर लांबी-रुंदीची, इंचभर जाडीची फळी ठेवायची सवय लावा आणि ती फळी डिकीतच राहू द्या. एकदा पावसाळ्यात, रस्त्याच्या कडेच्या मुरमात मी नुसता जॅक लावला होता. चाक काढून बाजूला ठेवलं आणि मागे वळलो तेवढ्यात जॅकचा पाय भुसभुशीत मातीत रुतला, गाडी कलली आणि ब्रेकचा ड्रम जमिनीवर आदळला. माझा हात एका क्षणापूर्वी तिथेच होता. मुलांना शिकवणारा मी, आणि घाईत फळी काढली नाही. तेव्हापासून काढलेलं चाक मी दरवाजाखालच्या कडेजवळ गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवतो. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर टेकते. तुम्हीही तसंच करा. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कुठल्याही कारणासाठी, डोकं किंवा खांदा घालू नका. खाली पडलेला नटसुद्धा काठीने ओढून घ्या. गाडीखाली शिरायचं काम निघालं तर ते गॅरेजचं काम.

आता तो १०८ नगांचा सेट. माझं मत विचाराल तर घेऊ नका. त्यात तीस-चाळीस नग तर स्क्रू ड्रायव्हरची छोटी टोकंच असतात, आणि ज्या पाच-सहा गोट्या तुम्हाला रोज लागणार त्यांचं पोलाद स्वस्तातलं असण्याची भीती असते. आधी बोनेट उघडा आणि काय काय दिसतं ते बघा. तुमच्या गाडीत बहुतेक ठिकाणी १०, १२ आणि १४ हेच आकडे (नटाचं मिलिमीटरमधलं माप) भेटतील. बॅटरीच्या टर्मिनलला १०, कव्हरांना आणि पट्ट्यांना १०, थोड्या जड भागांना १२ आणि १४. जपानी आणि कोरियन वळणाच्या गाड्यांचं हे असं असतं. टाटा, महिंद्रा, फोक्सवॅगनकडे गेलात की १२-१४च्या जागी १३ डोकं वर काढतो. म्हणून ८ पासून १९ पर्यंतचा, अर्धा इंची चौकोनाचा (गोटीच्या मागे दांडा बसतो तो चौकोन), दहा-बारा गोट्यांचा सेट, त्याबरोबर एक रॅचेट, म्हणजे गोटी नटावरून न काढता मागे-पुढे फिरवता येणारा दांडा, आणि एक लांब जोड, एवढं बास. तुमच्या नाशिकच्या सातपुरातच टपारियाचा कारखाना आहे. त्यांची किंवा त्या तोडीची हत्यारं शहरात सहज मिळतील. दुकानात गोटी हातात घेऊन आत बघा. आत सहा कोपरे असलेली घ्या, बारा कोपऱ्यांची नको. सहा कोपऱ्यांची गोटी नटाच्या सपाट बाजूंना धरते, बारावाली कडांना धरते. नट जुना, थोडा झिजलेला असला की बारावाली घसरते.

गोटीखेरीज १०-११ आणि १२-१३चे रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) आणि तेवढेच दुतोंडी फिक्स पाने (उघड्या तोंडाचे) घ्या, कारण काही जागी वरून गोटी जातच नाही. स्क्रू पाना, तो जबडा लहान-मोठा होणारा, मात्र गाडीच्या पेटीत ठेवूच नका. नळाच्या कामाला उत्तम, गाडीच्या नटाचा वैरी. वर्गातला एक मुलगा बॅटरीच्या टर्मिनलचा १०चा नट त्याने सोडवत होता. जबडा अर्धा मिलिमीटर सैल राहिला होता. पहिल्या झटक्यात पाना कडेवरून निसटला, कोपऱ्यावर चकाकता ओरखडा उठला. दुसऱ्या झटक्यात दुसरा कोपरा गेला. पाचव्या झटक्याला नट बोरासारखा गोल झाला होता आणि मुलाच्या बोटांची सालं निघाली होती. मग तो नट करवतीने कापावा लागला. दहा मिनिटांचं काम दुपारभर चाललं. योग्य मापाचा पाना मिळेपर्यंत थांबणं हेसुद्धा काम शिकण्याचाच भाग आहे, हे मी त्या पोरांना पुन्हापुन्हा सांगायचो.

दुसरं हत्यार, ज्याच्यावर माझा फार जीव आहे, ते म्हणजे व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर. चारशे-पाचशेत साधा डिजिटल मिळतो. गाडी सकाळी सुरू झाली नाही की लोक सरळ "बॅटरी गेली" म्हणतात आणि चार-पाच हजारांची नवी टाकतात. आधी मोजा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ किंवा त्याखाली म्हणजे रिकामी. मग गाडी सुरू करून परत मोजा: १३.८ ते १४.४ दिसलं तर आल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज करणारा भाग, बॅटरी भरतोय. इंजिन चालू असूनही १२.३-१२.४वरच अडकलं असेल तर दोष बॅटरीचा नाही, ती भरलीच जात नाहीये; नवी टाकली तरी चार दिवसांत तीही उतरेल. एवढं मोजून, आकडा सांगून तुम्ही गॅरेजात गेलात की बोलण्याचा सूर बदलतो. मी हे बऱ्याचदा पाहिलंय.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढलेली असली तर तीच बऱ्याचदा खरा दोष असते. १०चा पाना घ्या, आधी काळी म्हणजे उणे बाजू सोडवा, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, आधी लाल जोडा, शेवटी काळी, वरून थोडी व्हॅसलीन. काळी आधी का, तर ती निघाल्यावर लालला लावलेला पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हातात अंगठी, कडं, बांगडी असेल तर उतरवून ठेवा. धातूची बांगडी दोन टोकांमध्ये अडकली तर क्षणात लाल होते.

जम्पर केबल घेणार असाल तर तांब्याची आणि जाड घ्या. लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळं चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि शेवटचं काळं तुमच्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हा क्रम एका कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवा. रात्री, पावसात, घाबरलेल्या डोक्याला तो आठवत नाही.

हवेचं सांगतो. प्रेशर मोजायचं चांगलं गेज आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घ्या. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत टायर तापतं आणि आकडा चढलेला दिसतो. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तुमचे टायर ट्यूबलेस असतील तर पंक्चरचं किटही ठेवता येईल. पण खिळा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला असेल तर किट वापरू नका, आणि कसारा घाटासारख्या ठिकाणी, वळणावर, तर अजिबातच नाही. तिथे गाडीबरोबर आलेला लाल त्रिकोण पुरेसा मागे लावायचा, सगळ्यांना कठड्याच्या आड उभं करायचं आणि जमत असेल तर हळूहळू सुरक्षित जागेपर्यंत जायचं. टायर गेलं तरी चालेल.

बाकी किरकोळ: एक पकड, एक नोज प्लायर, साधा आणि फुलीचा मिळून चार स्क्रू ड्रायव्हर, डोक्याला बांधायची बॅटरी, रबरी हातमोजे, फ्यूजचं पाकीट. फ्यूजचा रंग बघून त्याच रंगाचा टाकायचा. लाल १० अँपियर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. निळा उडतोय म्हणून हिरवा टाकला किंवा चंदेरी कागद गुंडाळला तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर डॅशबोर्डच्या आतून जाते.

तुमची गाडी २०१५ची असल्याने स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडीचं, म्हणजे गाडीतला बिघाड तपासायचं, सॉकेट असणार. त्यात बसणारं, मोबाइलला जोडलं जाणारं छोटं यंत्र सातशे-आठशेत मिळतं. इंजिनचा पिवळा दिवा लागला की ते कोड दाखवतं. पी-०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये आग नीट पेटत नाहीये एवढं कळतं. प्लग, कॉइल की आणखी काही, ते शोधावंच लागतं. पण हे यंत्र पुढच्या वर्षी घ्या. पाच हजारांत आत्ता चाकाचा पाना, गोट्यांचा सेट, चार पाने, मल्टिमीटर, गेज आणि पंप येईल, आणि ते पुरे. उरलेलं एकेका कामाच्या निमित्ताने येऊ द्या. प्लग बदलायचा ठरलं की प्लगची गोटी घ्या, आधी नाही.

हात लावू नका अशी यादी छोटी आहे. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि त्याच्या पिवळ्या वायरी, आणि पेट्रोलचे पाइप. पुढे कधी सीएनजी बसवलात तर त्याची एकही नळी सैल करायची नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इंजिन ऑइल बदलणं अवघड नाही, पण त्यासाठी गाडीखाली जावं लागतं आणि निघालेलं काळं तेल टाकायला जागा लागते. ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा फार त्रास होतो. ते काम तुम्ही गॅरेजलाच द्या. डिपस्टिक काढून तेलाची पातळी मात्र दर पंधरा दिवसांनी बघा.

इगतपुरीच्या पावसात डिकीतलं लोखंड चटकन गंजतं. मी जुन्या जीन्सच्या कापडाला खिसे शिवून पान्यांची गुंडाळी केली आहे, प्रत्येक खिशावर आकडा लिहिलाय. काम झालं की तेलाच्या फडक्याने पुसायचं, खिशात घालायचं, गुंडाळायचं. कुठला खिसा रिकामा ते लगेच दिसतं, म्हणजे पाना बोनेटखाली विसरला जात नाही.

आता सासऱ्यांची पेटी. ती आणायला सांगा आणि त्यांनाच बरोबर बसवा. इंचाचे सगळेच पाने वाया नाहीत. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जवळजवळ ८. ३/४ म्हणजे १९.०५, तुमच्या चाकाच्या नटाला घट्ट बसेल. ९/१६ म्हणजे १४.२९, १४च्या नटावर जाईल पण थोडा ढिला. हलक्या हाताने चालेल, जोर लावायला नको. १/२ म्हणजे १२.७, तो १२वर हमखास घसरणार आणि १३वर चढणारच नाही, त्याला बाजूला ठेवा. आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर तो आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा आहे, म्हणून ३/४ डब्ल्यू बघून फसू नका, त्याचा जबडा फारच मोठा असतो. साधा ३/४चा रिंग पाना त्यात निघाला, तर रविवारी पहिला नट त्यानेच सोडवा, त्यांच्या हातून.